शेजाऱ्याची ओळख हीच वस्तीची राखण

(कल्याण येथील एका चाळवस्तीत गणेशोत्सवाच्या निमित्ताने झालेले भाषण)



आम्ही मुरबाड तालुक्यातील एका खेड्यातील शाळेचे मास्तर. मोठा विद्वान मिळाला नाही म्हणून तुम्ही आम्हाला बोलाविले असेल, किंवा या चाळीतील निम्मी मुले आमच्या हाताखाली अक्षर गिरवून येथे पोट भरावयास आली आहेत म्हणून बोलाविले असेल. कारण काही असो. आम्ही आलो ते शोभेचे भाषण करण्यासाठी नव्हे. आमच्या डोक्यावर एक ओझे आहे, ते चारचौघांत उतरविल्याशिवाय आम्हाला गणपतीसमोर उभे राहवणार नाही.

गेल्या श्रावणातील गोष्ट तुम्हां सर्वांना ठाऊक आहे. या चाळीतील एक सहा वर्षांचे पोर दिवेलागणीपर्यंत घरी आले नाही. कोणी तरी फोनवर लिहिले की, मुले पळविणारी टोळी वस्तीत शिरली आहे, बांगड्यांची पेटी घेऊन फिरते. पाव तासात ती बातमी घाटाखालच्या आमच्या खेड्यात आमच्या हातातील फोनवर आली. आम्ही काय केले? खरे की खोटे हे कोणाला विचारले नाही. आमच्या जुन्या विद्यार्थ्यांना ती तशीच पुढे पाठविली आणि खाली लिहिले, "सावध राहा." मास्तरांनी लिहिले म्हणजे ते खरेच, असे पोरांना वाटले. आमच्या नावाने त्या लबाडीला वजन आले.

पुढे काय झाले ते आम्ही सांगावयास नको. पंधरा वर्षे या चाळीत आया-बहिणींच्या हातांत बांगड्या भरणारे म्हातारे चाचा त्याच वेळी नळाजवळून चालले होते. पेटी फुटली, काचेचा सडा पडला, हात मोडला. आणि ते पोर? ते आपल्या मावशीच्या खोलीत पोटमाळ्यावर झोपले होते. ज्या मुलावर आज पोलिसांत खटला आहे तो आमच्या शाळेत पहिल्या बाकावर बसत असे. त्याची आई येथे समोर बसली आहे. तिच्याकडे पाहून बोलण्याचे धैर्य आम्हाला होत नाही. परंतु बोलले पाहिजे.

आम्ही चाचांच्या खोलीवर गेलो, आमची चूक सांगितली. ते म्हणाले, "मास्तर, हात बरा होईल. पण एवढ्या बायका गॅलरीत उभ्या होत्या. थांबा, हा आपला बांगडीवाला आहे, असे एकीलाही म्हणावेसे वाटले नाही?"

बंधुभगिनींनो, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आजचे हे भाषण आहे.

तुम्ही म्हणाल, एका म्हाताऱ्याचा हात मोडला त्याचे एवढे काय? तर ऐका. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा या गावी अशाच फोनवरच्या अफवेने पाच माणसे ठेचून मारली गेली. ती कोण होती? नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, बहुतेक सोलापूर जिल्ह्यातून भिक्षा मागत आलेली गरीब माणसे. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारले. मारणारे गरीब आणि मरणारे त्यांहून गरीब. त्या गर्दीतही कोणाला तरी वाटले असेल की, अरे, यांना आधी विचारा तरी. पण वाटणे निराळे आणि बोलणे निराळे. आमच्या चाळीत आणि राईनपाड्यात अंतर किती? एका दगडाचे.

आता त्या गॅलरीतील बायका का बोलल्या नाहीत? त्या दुष्ट होत्या म्हणून काय? मुळीच नाही. आम्ही चार-पाच जणींना विचारले. प्रत्येकीने हेच सांगितले की, मला ठाऊक होते, पण इतर सर्वांना उलट वाटते आहे असे दिसले. मी एकटी कशी बोलू? पहा बरे! प्रत्येकीला खरे ठाऊक, परंतु शेजारणीलाही ते ठाऊक आहे हे मात्र कोणालाच ठाऊक नाही. या चाळीत भिंतीला भिंत आहे, पण माणसाला माणूस नाही. एक दिवसपाळीला जातो, दुसरा रातपाळीला. दार लावले की जग संपले.

खेड्यात असे होत नाही असे आम्ही म्हणत नाही. राईनपाडा खेडेच होते. पण खेड्यात ज्याला आपण ओळखतो त्याला वाचविणारे चार तोंड तरी उघडतात. पारावर, विहिरीवर, गिरणीवर रोज रामराम होतो, तेवढ्याने पुष्कळ निभते. शहरात तेवढ्याने निभत नाही. आशुतोष वार्ष्णेय नावाच्या एका अभ्यासकाने हिंदुस्थानातील सहा शहरे तपासून 2002 साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. अलीगड आणि कालिकत, हैदराबाद आणि लखनौ, अहमदाबाद आणि सुरत अशा त्यांनी जोड्या लावल्या. एक शहर वारंवार पेटणारे व दुसरे बहुधा शांत राहणारे. दोन्हींत हिंदू आहेत, मुसलमान आहेत, गरिबी आहे. मग फरक कशाचा? त्यांना असे आढळले की, जेथे व्यापाऱ्यांचे, कामगारांचे, वाचनाचे, धंद्याचे संघ दोन्ही समाजांनी मिळून चालविले, तेथे अफवेला जागा मिळाली नाही. नुसता शेजार खेड्याला पुरतो. शहराला बांधलेला शेजार पाहिजे. येथे बांधलेला हा शब्द ध्यानात ठेवा.

असा शेजार बांधता येतो याचा दाखला पाहण्यासाठी दूर जावयास नको. दुर्गाडीचा पूल ओलांडा, खाडीपलीकडे भिवंडी आहे.

भिवंडी म्हणजे यंत्रमागांचे गाव. आमचे मामा तेथे मागावर होते. या गावाची कीर्ती एके काळी काय होती? 1970 च्या मे महिन्यात शिवजयंतीच्या मिरवणुकीत दंगा पेटला. त्याची चौकशी न्यायमूर्ती मादन यांच्या आयोगाने केली. पुढे 1984 च्या मे महिन्यात पुन्हा तेच झाले. माग जळाले, माणसे गेली, आणि ज्याच्या घरात बीम बांधून ठेवलेला होता त्याला उद्याची भाकरी राहिली नाही. दंग्यात मालकाचा कारखाना जातो हे खरे. पण कारागिराचा हात रिकामा होतो, तो जास्त दिवस रिकामा राहतो.

1988 साली तेथे सुरेश खोपडे नावाचे पोलीस उपायुक्त आले. त्यांनी असे पाहिले की, शांतता कमिटी नावाची वस्तू तर पूर्वीपासून होती. सण आला की पुढारी, व्यापारी व प्रतिष्ठित मंडळी चहाला बोलवावयाची, भाषणे व्हावयाची, फोटो निघावयाचा. पण दंगा काही दिवाणखान्यात होत नाही. तो गल्लीत होतो. तेव्हा त्यांनी गल्लीगल्लीतून मोहल्ला कमिट्या उभारल्या. अशा सुमारे 70 झाल्या. त्यांत कोण बसले? मागवाले, कामगार, दुकानदार, शिक्षक, घरच्या बाया. हिंदू आणि मुसलमान एकाच सतरंजीवर. ज्यांच्यावर गुन्हे होते त्यांना आत घेतले नाही. एकेका मोहल्ल्याची जोखीम एकेका पोलिसावर टाकली. बैठक सणापुरती नव्हे, तर नेहमीची.

आता तुम्ही विचाराल, या बैठकांत एकोप्यावर प्रवचने होत असत काय? नाही. आमचे मामा सांगत की, त्यांच्या गल्लीच्या बैठकीत पहिले चार महिने नळ, गटार आणि पोरांची भांडणे यांपलीकडे गोष्टच नव्हती. अमक्याने पाण्याची नळी आधी लावली, तमक्याची बकरी तुळस खाऊन गेली. पोलीस ऐकावयाचा, वहीत लिहावयाचा, दोन्हीकडची माणसे मिळून तोड काढावयाची. मामा हसून म्हणत, "आम्हाला वाटले, हा काय पोरखेळ चालविला आहे!"

पण तो पोरखेळ नव्हता. मागावर काम करणाऱ्यांना आम्ही विचारतो, एक तार तुटली तर तुम्ही काय करता? माग थांबवून लगेच गाठ मारता. एका तारेने काय होते असे म्हणून धोटा तसाच पळविला, तर हातभर कापड खराब झाल्यावर शेठ मजुरी कापतो. नळावरचे भांडण ही तुटलेली तार आहे. ती त्याच दिवशी जोडली तर दोन बायकांचे भांडण राहते. सहा महिने लोंबत ठेवली तर ते दोन जातींचे, दोन धर्मांचे भांडण होते.

परीक्षेचा दिवस आला 6 डिसेंबर 1992 रोजी. अयोध्येत बाबरी मशीद पडली आणि मुंबई पेटली. तो डिसेंबर आणि पुढचा जानेवारी या दोन महिन्यांत मुंबईत 900 माणसे मेली असे न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाने नमूद केले आहे. आम्ही त्या वेळी पाचवीत होतो. आमची आजी रोज एस. टी.च्या थांब्यावर जाऊन बसे; मुंबईची ही गत, तर भिवंडीची काय झाली असेल! आठ दिवसांनी मामा धडधाकट उतरले. आजीने त्यांच्या तोंडावरून हात फिरविला आणि विचारले, "कसा वाचलास रे?" मामा म्हणाले, "आये, वाचायला तिथे झालेच नाही काही. रात्री गल्लीच्या तोंडाशी आम्ही जागत होतो. दोन आपले, दोन त्यांचे. अफवा आली की दोन्हीकडचा एकेक माणूस जाऊन बघून यायचा."

खोपडे साहेबांची तोवर बदली झाली होती. साहेब गेले तरी कमिट्या उभ्या होत्या, ही यातील मोठी गोष्ट. ज्या भिवंडीचे नाव काढले की दंगा आठवावा, ती भिवंडी त्या वेळी शांत राहिली.

मात्र या कथेचा दुसरा भागही प्रामाणिकपणे सांगितला पाहिजे. पुढे वर्षे गेली, कमिट्यांकडे दुर्लक्ष झाले, बैठकी थांबल्या. आणि 2006 च्या जुलै महिन्यात कबरस्तानाजवळच्या वादाच्या जागेवर पोलीस ठाणे बांधण्यावरून त्याच भिवंडीत दंगल झाली. गोळीबारात दोन नागरिक मेले, आणि दोन पोलीस शिपाई जमावाच्या हातून मारले गेले. दोन्हीकडे मेले ते गरिबांचेच लेक. तात्पर्य काय? शेजार हा एकदा बांधून संपत नाही. घरावरची कौले दर पावसाळ्याआधी चाळावी लागतात. ज्या वर्षी आळस केला त्या वर्षी गळती ठरलेली.

आता दुसरा दाखला बायांचा. मुंबईत 1986 साली भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या बायांनी 'महिला मिलन' नावाची संघटना उभी केली. रोज दोन-चार रुपये साठवावयाचे, दारोदार जाऊन ते गोळा करावयाचे. रोज पैसे गोळा करणारी बाई रोज प्रत्येक दारात जाते. कोणाचा नवरा मारतो, कोणाचे पोर आजारी, कोणाकडे नवा भाडेकरू, हे तिला आपोआप कळते. पैशापेक्षा ही माहिती मोठी. पुढे झोपडपट्टीवासीयांच्या राष्ट्रीय संघटनेचे जोकिन अर्पुथम, ज्यांना 2000 साली मॅगसेसे पारितोषिक मिळाले, आणि पोलीस आयुक्त ए. एन. रॉय यांनी मिळून प्रथम पुण्यात व 2004 पासून मुंबईत झोपडवस्त्यांत पोलीस पंचायती काढल्या. एका पंचायतीत वस्तीतील दहा माणसे; त्यांत सात बाया आणि तीन पुरुष, आणि जोडीला पोलीस. सात बाया का? कारण वस्तीत दिवसभर असते कोण? नळावर, संडासाच्या रांगेत, शाळेच्या दारात असते कोण? आपल्या कमिट्यांत बायांना हळदीकुंकवापुरते बोलावण्याची रीत आहे ती मोडा. त्या दिवशी गॅलरीतील एका बाईला बोलण्याची सवय असती तर चाचांचा हात शाबूत राहिला असता आणि आमच्या विद्यार्थ्याचे भविष्यही.

तिसरा दाखला धारावीचा. तेथे भाऊ कोरडे आणि तयार कपड्यांचा धंदा करणारे वकार खान या दोन मित्रांनी 1992-93 च्या दंग्यानंतर मोहल्ला कमिटीचे काम अंगावर घेतले. चार धर्मांच्या वेषांतील चार पोरे एकत्र उभी, असे चित्र काढवून ते भिंतीभिंतीवर लावले. त्यांच्या हाती सत्ता नव्हती, पैसा नव्हता. एक हिंदू आणि एक मुसलमान रोज एकत्र फिरताना लोकांना दिसले, हेच अर्धे काम होते.

आणि ही गोष्ट काही नवी आहे असेही समजू नका. 1893 साली मुंबईत हिंदु-मुसलमानांचा मोठा दंगा झाला. त्या वेळी 'दीनबंधू'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी राणीच्या बागेत कामकरी लोकांचा एकोप्याचा मेळा भरविला. गिरणीतील माणसाला 1890 साली रविवारची सुट्टी मिळाली ती याच लोखंड्यांच्या खटपटीने. तो रविवार आपण आज काय करतो? निम्मा झोपेत आणि निम्मा फोनवर घालवितो. त्यातील एक तास शेजाऱ्याला द्या, एवढेच आमचे मागणे आहे.

आता काय करावयाचे ते रोखठोक सांगतो.

पहिले, महिन्यातून एक रविवार, एक तास, चाळीच्या अंगणात बैठक. प्रत्येक रांगेतून दोन बाया, एक पुरुष. भाडेकरूही घ्या, परवा राहावयास आलेला उत्तरेकडचा मजूरही घ्या. ज्याला आपण बाहेर ठेवतो त्याच्याबद्दलच अफवा उठते.

दुसरे, एक वही. दिवा बंद आहे, गटार तुंबले आहे, जिन्याचा कठडा हलतो आहे, हे तारीख घालून लिहा व पाच जणांच्या सहीने महापालिकेत द्या. एकट्याचा अर्ज टेबलावर निजतो. पाच सह्यांचा अर्ज कुशीवर तरी वळतो. अंधाऱ्या वळणावर एक दिवा लागला तर दहा पहारेकऱ्यांचे काम होते.

तिसरे, अफवेचा नियम. कोणतीही भीतीची बातमी आली तर ती पुढे पाठवू नये. ज्याच्याबद्दल आहे त्याच्या दारात दोघांनी जावे, पहावे, मग बोलावे. खरेच संकट असेल तर 112 क्रमांक फिरवावा. हा नियम सर्वांत आधी या मास्तराला लागू.

चौथे, रात्रीची गस्त घालाल तर कंदील-बॅटरी घेऊन घाला, काठी घेऊन नको. अनोळखी माणूस दिसला तर त्याला नाव-गाव विचारा, पाणी विचारा. हात लावू नका. कमिटी म्हणजे कोर्ट नव्हे. नळाचे भांडण आपण मिटवावे. पण बाईला मारहाण झाली, मुलीची छेड काढली, कोणाचे रक्त निघाले, तर ते चाळीची अब्रू म्हणून दडपू नये, पोलिसांत जावे. तसे न केले तर आपली कमिटी ही गुंडांचीच पंचायत होईल.

पाचवे, कोणत्याही पक्षाच्या पुढाऱ्याला हिचा अध्यक्ष करू नका. मत ज्याला द्यावयाचे त्याला द्या. अंगणातील सतरंजी मात्र आपली ठेवा.

काही जण म्हणतील, मास्तर, आम्हाला वेळ कोठे आहे? बारा-बारा तास उभे राहून येतो. खरे आहे. पण ज्या मुलावर खटला आहे त्याच्या आईला विचारा, तारखेच्या दिवशी किती खाडे होतात, वकिलाला किती द्यावे लागते. महिन्याचा एक तास स्वस्त की कोर्टाची पायरी स्वस्त? दुसरे म्हणतील, आपण बोलावू, पण ते लोक येतील काय? आम्ही म्हणतो, नळाला पाणी येते तेव्हा सगळे येतात. पाण्यापासून आरंभ करा.

चाचांच्या पेटीची भरपाई आम्ही आमच्या पगारातून तीन हप्त्यांत करीत आहोत. यात मोठेपणा नाही. देणे आहे ते फेडतो. पण काचेची किंमत देता येते, त्या दिवशीच्या गप्प राहण्याची किंमत पैशात देता येत नाही. ती दुसऱ्या रीतीने फेडावी लागेल. चाचांना आम्ही आज येथे येण्याची विनंती केली होती. ते म्हणाले, आज नको. आधी पाहू या काय करता ते.

तर येत्या रविवारी सकाळी दहा वाजता या अंगणात सतरंजी पसरावयाची आहे. वही आम्ही शाळेतून आणली आहे, ती अध्यक्षांजवळ ठेवतो. पहिले पान कोरे आहे. चाचांना आणावयास कोण जाणार हे आता, येथेच ठरवा. आमची सूचना अशी की, आमच्या विद्यार्थ्याची आई आणि त्या हरवलेल्या पोराची आई, या दोघींनी मिळून जावे. त्या दोघी तयार असतील तर आमचे भाषण संपले असे समजा.